नावाचं कडवं

मला जळायला फार काही लागत नाही. शेजाऱ्याच्या नळाला माझ्याआधी पाणी आलं तरी मी जळतो. कारखान्यात दुसऱ्याच्या डब्यात सुकट आणि माझ्या डब्यात मेथी निघाली तरी जळतो. बायको म्हणते, तुम्हाला उन्हाळ्यात वेगळं ऊन लागत नाही. पण ही सगळी किरकोळ जळजळ. मनापासून, रोज उठून दात घासावेत तसा नेमाने मी एकाच माणसावर जळलो, आणि तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. आहे असं आज लिहितोय. हे वाचल्यावर तो राहील की नाही, माहीत नाही.

त्याचं गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. उगाच नाही म्हणू नका.

'निळी गं बोटं आईची, पांढऱ्या पिठात न्हाली,
निळ्या बोटांची भाकर, आमच्या ताटात आली.'

बघा, आलं ना चालीत? हळदीला वाजतं, जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं, शाळेच्या गॅदरिंगला वाजतं. मोबाइलवर कुणी पोरगी आईला मिठी मारते, मागे हेच. उल्हासनगरात माझ्या ओळखीचा एक सिंधी कापडवाला आहे, त्याला मराठीतलं 'बसा' आणि 'घ्या' सोडून काही येत नाही. तोही कापडाचं ठाण उलगडता उलगडता हे गुणगुणतो.

आणि हल्ली लोकांना नुसतं गाणं पुरत नाही. गाण्यामागची गोष्ट पाहिजे. कुठे सुचलं, कुणावर लिहिलं, लिहिताना डोळ्यांत पाणी आलं का. माझ्या मित्राने ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली आहे की आता ती त्यालाही पाठ झाली असेल. 'आमच्या बुवापाड्यात एक आई होती,' इथून तो सुरुवात करतो. एक आई. जशी काही रस्त्यावर सापडलेली!

ती आई माझी.

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती धागाकटिंग करायची. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे कारखाने आहेत. तिथून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी यायचे, आणि शिलाईचे लोंबणारे धागे कातरीने तोडून, घड्या घालून परत द्यायचे, असं ते काम. नव्या कापडाचा रंग कच्चा असतो. तो बोटांना लागतो, नखांत बसतो, आणि साबण, माती, लिंबू, काही करा, जात नाही. माझ्या आईची पहिली तीन बोटं कायम निळी होती. तांदळाच्या भाकरीचं पीठ पांढरंशुभ्र, त्यात ती बोटं. कधी कधी भाकरीच्या कडेला निळसर छटा यायची. शाळेत डबा उघडताना मी ती कड आधी खाऊन टाकायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

हे मी त्याला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. आम्ही दोघं अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होतो, तो मशीनवर, मी पॅकिंगला. शनिवार-रविवार विहारात आमची गायन पार्टी बसायची. पेटी माझ्याकडे, लिहिणं त्याच्याकडे. लिहायचो मीही. माझी अकरा गाणी आहेत, वहीत. पार्टीने प्रत्येक गाणं एकेकदा म्हटलं, भिडेखातर, आणि पुढच्या तालमीला कुणाला चाल आठवली नाही. ज्याने बांधली त्यालाही, म्हणजे मलाही.

आमच्या गाण्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. 'अमका म्हणे', 'तमका सांगे', असं. जुने गायक त्याला नावाचं कडवं म्हणतात. ते सगळ्यात शेवटी लिहायचं, जमलं तर कार्यक्रमाच्याच दिवशी. माणूस मेला तरी गाणाऱ्याच्या तोंडून त्याचं नाव निघत राहतं.

आई कार्यक्रमाला सतरंजीवर सगळ्यात पुढे बसायची आणि फक्त या कडव्याची वाट बघायची. नाव आलं की शेजारणीला कोपर मारून विचारायची, "कुणाचं गं पोर?" मग त्या पोराचं गाव, आईबाप, चुलते, सगळं निघायचं, आणि मगच ती टाळ्या वाजवायची. माझं नाव त्या अकरा गाण्यांत अकरा वेळा आलं. पण तिला तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला फिकीर नव्हती. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लोकांना आवडलेल्या एखाद्या गाण्याच्या शेवटी माझं नाव यावं, अनोळखी बाईने "कुणाचं गं पोर?" विचारावं, आणि माझ्या आईने सांगावं, "माझं." बाकी गाडीघोडा काही नको होतं. आता म्हणतो, पण खरंच नको होतं.

तर मी सांगितलं शुक्रवारी, आणि सोमवारी हा तीन कडवी घेऊन हजर. मुखड्यासकट. मी वाचलं आणि पहिल्यांदा आई समोर दिसली, आणि दुसऱ्याच क्षणी जळजळ सुरू. चाळीस वर्षं ती बोटं माझ्यासमोर होती. मी लिहिलं काय? पावसावर, एकीवर, दारूबंदीवर. आणि याने दोन दिवसांत माझ्या घरात हात घालून नेमकी वस्तू उचलली होती.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"बरंय," मी म्हणालो. "मीटर जरा ओढलंयस."

मीटर कुठेही ओढलेलं नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी मी पेटीवर बसलो आणि चाल अशी आली की हात थांबेनात. आई धागे तोडताना काहीतरी पुटपुटत गुणगुणायची, आणि मध्ये कातरीची कच, कच. तेच मी पेटीत धरलं. म्हणजे आई माझी, चाल माझी, कातरीचा ठेकासुद्धा माझ्या घरचा. शब्द तेवढे त्याचे. आणि नाव कुणाचं येणार शेवटी? त्याचं!

रेकॉर्डिंग उल्हासनगरला तीन नंबरात ठरलं. गाद्यांच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना खालच्या दुकानातलाच फोम चिकटवलेला. मालक सिंधी, गोड माणूस, लहानथोर सगळ्यांना 'साईं'. गाणार होत्या आमच्याच पार्टीतल्या ताई, अंगणवाडीत शिकवतात त्या. त्या परस्पर तिकडे येणार होत्या. माझी सुट्टी होती. त्याची पहिली पाळी तीनला सुटणार म्हणून मी पेटी रिक्षात टाकून त्याला घ्यायला कारखान्याच्या गेटवर गेलो.

तो बाहेर आला तो युनिफॉर्ममध्येच. "माझा रिलीव्हर आला नाही रे. डबल पाळी पडली. तू जा, तू असल्यावर मला काळजी नाही." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "नावाचं कडवं. सकाळी सुचलं. ताईंना बसवून दे. पण आधी तू वाच."

रिक्षा सुरू झाली तरी गेटच्या जाळीतून ओरडला, "आधी तू वाच रे!"

मी कागद शर्टाच्या खिशात टाकला. काय वाचायचंय? त्याचंच नाव असणार, कुठल्यातरी झकास यमकात बसवलेलं. माझ्या आईच्या बोटांखाली त्याची सही. रिक्षा उल्हासनगरात शिरेपर्यंत तो कागद मला छातीवर टोचत होता. एकदाही उघडला नाही. मला त्याचं नाव तिथे बघायचंच नव्हतं.

तीन कडवी झाली. ताईंनी असं गायलं की मालकाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि नुसता बसून राहिला. मग घड्याळ बघितलं. "बढ़िया है साईं. और है क्या? लंबा हो जाएगा."

ताई म्हणाल्या, "नावाचं कडवं राहिलंय ना. दिलंय का त्यांनी?"

आता बघा, मी सरळ 'हो' म्हणू शकलो असतो. कागद खिशात होता. एका मिनिटाचं काम.

"दिलंय," मी म्हणालो. "पण नको. मीच सांगतो, नको. नाव हल्ली कोण ऐकतं?"

ताईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. पेटी खोक्यात घालताना मी, खरं सांगतो, आनंदाने शीळ घालत होतो. परतताना वालधुनीच्या पुलावर मी रिक्षा थांबवली. चहाची टपरी आहे म्हणून. चहा घेतला, कागदाचे न उघडताच चार तुकडे केले आणि खाली टाकले. त्या दिवशी पाणी लालसर होतं. कारखान्यांच्या पाण्याने रोज असाच तर्‍हेतर्‍हेचा रंग असतो त्या नदीला. तुकडे थोडे तरंगले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो डबा घेऊन समोर बसला. "ताई म्हणाल्या, कडवं घेतलं नाही."

"मीच नको म्हटलं."

"वाचलंस ना पण?"

"वाचलं की," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता भांडणार, आता 'माझं नाव का काढलंस' म्हणून गळा धरणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तो एवढंच म्हणाला, "वेडा आहेस तू. एक नंबरचा वेडा." आणि त्याच्या डब्यातली गुळाची पोळी अर्धी तोडून माझ्या डब्यात ठेवली. आणि मी ती खाल्लीसुद्धा.

पुढे काही महिने गाण्याचं काहीच झालं नाही. मी निवांत होतो, झोप छान लागत होती. मग जयंती आली. अंबरनाथच्या मिरवणुकीत एका डीजेवाल्याने 'निळी' हा शब्द ऐकून ते लावलं, एवढंच कारण. लिहिताना याच्या डोक्यात जीन्सचा कच्चा रंग होता. पण समोर निळ्या झेंड्यांचा समुद्र, त्यात हे शब्द पडले आणि बायका रडायला लागल्या. म्हाताऱ्या आपापले हात वर करून नाचत होत्या. डीजेवाल्याने पाच वेळा लावलं. त्या आठवड्यात ते कल्याणला पोचलं, मग कर्जतला, मग कुठे कुठे. आम्ही दोघं त्या गर्दीत शेजारी शेजारी उभे होतो. त्याने माझा दंड धरला होता, आणि मी मनात म्हणत होतो, वाजवा, वाजवा, माझी आई आहे ती, वाजवा!

मोबाइलवर गाण्याखाली लिहिलेलं असायचं, गीत अमुक, गायिका अमुक, स्टुडिओचा पत्ता, आणि शेवटी 'आणि टीम'. तो मी. आणि टीम. बायकोला हे कळलं त्या दिवसापासून घरात माझं नाव तेच झालं. "अहो आणि टीम, गॅस संपलाय." "आणि टीम, जरा पंखा पुसा." मी हसायचो, पण तळपायाची आग मस्तकात जायची.

तो कवी झाला. शाली आल्या, श्रीफळं आली, चौकाचौकातल्या बॅनरवर त्याचा फोटो आला. त्याने कारखाना सोडला आणि बदलापूरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी त्या फ्लॅटवर जळलो, बाल्कनीवर जळलो, लिफ्टमध्ये आरसा आहे त्याच्यावरही जळलो. त्याची एकूणएक मुलाखत मी बघितली, कानात वायर घालून, संडासात बसून. प्रत्येक वेळी वाट बघायचो की आता घेईल, आता तरी घेईल माझं नाव. 'आमच्या बुवापाड्यात एक आई होती...' कुणी विचारलंच की ती आई कोण, तर हसून म्हणायचा, "ते सांगायची मला परवानगी नाही." परवानगी नाही! इतका साळसूद चेहरा करून माझी आई ढापली, आणि वर परवानगी नाही म्हणतो!

एकदा आईला घेऊन आम्ही बारवी धरणाकडे गेलो होतो. तिकडे एका पाड्यावर बायकोचं माहेर आहे. भाताची कापणी झालेली, उन्हं कोवळी. आईला झाडाखाली चटईवर बसवलं, पोहे दिले. पलीकडे कॉलेजच्या पोरापोरींचा घोळका होता, स्पीकर घेऊन आलेला. लागलं, अर्थात, तेच. आणि एक पोरगा दुसऱ्याला गाण्यामागची गोष्ट सांगायला लागला. "तुला माहितीये, ज्याने लिहिलंय ना, त्याची आई खरंच अशी होती. त्या केमिकलनेच वारली बिचारी. सच्ची स्टोरी है."

माझं डोकंच सटकलं. मी उठून तिकडे गेलो. "ए! कोण वारली? कुणाची आई? ही काय इथे बसलीय, पोहे खातेय!"

पोरं बावरली. एकाने स्पीकर बंद केला. "काका, चिल," दुसरा म्हणाला, आणि मागे एक मुलगी फिसकन हसली.

"बस खाली येऊन," आई मागून म्हणाली. "त्यांनी मेली म्हटल्याने मी मरत नाही."

मी येऊन बसलो, धापा टाकत. आईने बशी पुसली. तिची बोटं तोवर गोरी झाली होती. काम सुटून वर्षं झाली होती, फक्त एका नखात जुनी रेघ होती. ती म्हणाली, "पण काय रे, एवढं वाजतं हे गाणं, शेवट कसा येत नाही त्याला? मी दर वेळी थांबते. कुणाचं पोर म्हणून विचारायचं राहूनच जातं."

"नावाचं कडवं नाही त्याला."

"का?"

"लांब होत होतं."

"नावाला कितीसं लागतं?" आई म्हणाली, आणि उरलेले पोहे खायला लागली.

त्यानंतरच्या थंडीत ती गेली. मित्र सकाळीच आला, रात्रंदिवस घरातच होता, माझ्यापेक्षा जास्त धावपळ त्याने केली. पुण्यानुमोदनाला विहारात माणूस मावेना. आणि येणारा जो तो माझ्यापुढे हात जोडायचा न जोडायचा आणि त्याच्याकडे वळायचा. हेच ते, निळी बोटं लिहिणारे. कुणीतरी तर त्याच्याबरोबर फोटो काढला. माझी आई गेली होती आणि मी तिच्या फोटोशेजारी बसून जळत होतो. याच्याहून खाली माणूस जात नसावा, असं मला तेव्हा वाटलं. पण जातो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. एका चॅनेलची मुलगी गाण्यामागची गोष्ट विचारायला येणार होती. "तू ये. आज मी तुझ्याशिवाय बोलणार नाही."

गेलो बदलापूरला. लिफ्टच्या आरशात भांग सारखा केला. हॉलमध्ये मानचिन्हांच्या कपाटासमोर दोन खुर्च्या, समोर तीन पायांवर मोबाइल. मुलगी चुणचुणीत होती. तिने नेहमीचे प्रश्न विचारले, त्याने नेहमीची उत्तरं दिली, आणि मग ती म्हणाली, "सर, तुमच्या सगळ्या गाण्यांत शेवटी तुमचं नाव येतं. याच गाण्यात का नाही?"

तो माझ्याकडे बघून हसला. उठला आणि आतून त्याची जुनी वही घेऊन आला, कारखान्यात असतानाची, तेलाचे डाग असलेली.

"याच्या आईच्या हयातीत मी याचा शब्द पाळला," तो त्या मुलीला म्हणाला. "आता मावशी नाहीत. आता नाही पाळणार. ती आई याची. चाल याची. म्हणून मी नावाच्या कडव्यात माझं नाव घातलंच नव्हतं." आणि त्याने वाचलं.

'लिहिणाऱ्याचं नाव सोडा, चाल ज्याची तोच हा लेक,
अमुक म्हणे, निळ्या बोटांनी भरवला घास एकेक.'

अमुकच्या जागी माझं नाव होतं. मात्रेत बसवलेलं, पहिल्या यमकानंतर लगेच, जिथे ढोलकी थांबते आणि नाव एकटं ऐकू येतं.

मला वाटलं, खुर्ची खालून सरकली.

"हे याने वाचलं," तो पुढे सांगत होता, "आणि स्टुडिओत म्हणाला, नको. नाव कोण ऐकतं? पट्ठ्याने स्वतःचं नाव स्वतः काढलं. ताई साक्षीदार आहेत. मी त्या दिवशी ठरवलं, या माणसाला नाव नकोय तर आपण जाहीरपणे कधीच घ्यायचं नाही. इतकी वर्षं जीभ चावून बसलो. असं मन मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही."

मुलीने मोबाइल माझ्याकडे वळवला. तिचेही डोळे भरले होते. "काका, एवढं मोठं गाणं. का काढलंत तुम्ही नाव?"

खरं सांगायला तीनच शब्द लागत होते. मी वाचलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो इतक्या मायेने बघत होता माझ्याकडे.

"नाव हल्ली कोण ऐकतं?" मी म्हणालो.

"बघा!" तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. "तेव्हाही हेच म्हणाला होता."

ती मुलाखत फिरली. किती जणांनी बघितली ते मला सांगू नका. खाली लोकांनी लिहिलंय, मित्र असावा तर असा. देवमाणूस. असा निःस्वार्थीपणा हल्ली कुठे. कारखान्यात साहेबाने उठून हात मिळवला. बायको मला आता आणि टीम म्हणत नाही. परवा तिने पहिली भाकरी माझ्या पानात वाढली आणि शेजारी बसली. एका अनोळखी बाईने भाजीच्या गाडीवर मला ओळखलं, आणि भाजीवालीला म्हणाली, "अगं, त्या निळ्या बोटांच्या आईचा मुलगा तो." हेच मला हवं होतं ना? अगदी हेच. "माझं" म्हणणारी तेवढी नव्हती.

मी ती मुलाखत पुन्हा पुन्हा बघतो. संडासात नाही, आता हॉलमध्ये. त्यात खुर्चीवर जो माणूस बसलाय, शांत, नाव नको म्हणणारा, मित्राचा जिवाभावाचा, त्याच्यावर मी जळतो. इतका मी कुणावरच जळलो नव्हतो. माझ्या मित्राने इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो मी नव्हेच. तो कुणी दुसराच आहे, आणि त्याला माझं नाव मिळालंय.

म्हणून हे लिहिलं. माझं बारावं, आणि पहिलं चालीशिवायचं. उद्या सकाळी ही पानं घेऊन मी बदलापूरला जाणार आहे आणि त्याच्या हातात देणार आहे. तो चष्मा लावेल आणि वाचत बसेल. एक चांगलं आहे त्याचं, हातात आलेला कागद तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. म्हणून जे सांगायचं ते शेवटी ठेवलंय. मित्रा, ते कडवं मी वाचलं नव्हतं. तुझं नाव असेल म्हणून वाचलं नव्हतं. आई मरेपर्यंत विचारत राहिली, कुणाचं पोर, आणि तिचं उत्तर तू माझ्या खिशात दिलं होतंस, ते मी पुलावरून खाली टाकलं.